डेल्सबर्गचा कांदा

द्वारकाबाईंनी बोटावर खोबरेल तेल घेतलं आणि चॉकलेटच्या पाकिटावरच्या किमतीच्या चिठ्ठीवर गोल गोल चोळलं. चिठ्ठी निघाली, पण मागचा चिकटा राहिला. तो नखानं खरवडताना त्यांच्या मनात आलं, जन्मात कधी चोरी केली नाही आणि आता साठी उलटल्यावर पुरावे पुसत बसले आहे.

"किती झाली?" आतल्या खोलीतून नागोरावांनी विचारलं.

"अठ्ठावीस. बारा राहिली."

"नीट बघ हं. कॅम्पातल्या दुकानाचा शिक्का एखाद्यावर राहिला तर पंचाईत."

"अहो, पण मी म्हणते, व्याख्यान द्यायलाच काहून पाहिजे?" सकाळपासून त्या हे चौथ्यांदा विचारत होत्या. "गुडघा धरलाय म्हणून सांगा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

नागोराव शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "तिकडून आलेला प्रत्येक माणूस बोलतो. मी नाही बोललो तरच लोक विचारतील." मग जरा थांबून, लाजल्यासारखे म्हणाले, "आणि खरं सांगू का? मला बोलायचंय."

हीच तर खरी अडचण होती. माणूस नाइलाजानं खोटं बोलत असला तर त्याला थांबवता येतं. नागोरावांना आता त्या खोट्याची गोडी लागली होती.

पुण्यात, वारज्यातल्या त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात निम्म्या सभासदांची मुलं परदेशात. त्यामुळे संघात आपोआप एक रीत पडून गेली होती. मुलाकडे निघालेल्या जोडप्याला गुलाब आणि पेढा देऊन निरोप द्यायचा. परत आल्यावर त्यानं महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथल्या गावाबद्दल तासभर बोलायचं, सगळ्यांना चॉकलेट वाटायचं आणि शेवटी भिंतीवरच्या जगाच्या नकाशात आपल्या हातानं एक टाचणी टोचायची. नकाशावर एक्केचाळीस टाचण्या होत्या. बारा वर्षं नागोरावांनी त्या एक्केचाळीस टाचण्यांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. संघात बँकेतले, कॉलेजातले, सरकारी खात्यातले लोक. नागोराव वाशीमकडून आलेले, मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात चौतीस वर्षं कारकून. त्यामुळे खुर्च्या मांडायचं आणि माईक तपासायचं काम कुणी न सांगताच त्यांच्याकडे आलं होतं.

मार्चमध्ये त्यांची पाळी आली. मुलानं, अभिनवनं, तिकिटं काढली होती, सून उत्कर्षा बाळंत व्हायची होती. निरोप समारंभ झाला. अध्यक्ष दत्तप्रसाद हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी गुलाब देताना म्हटलं, "आता अमेरिकेत कांदा महागला, तर आपल्याला कारण माहीत आहे." सगळे हसले, नागोरावही हसले. फलकावर दोघांचा फोटो लागला. त्यानंतर तीनच दिवसांनी अभिनवचा फोन आला.

"बाबा, प्लीज समजून घ्या ना. उत्कर्षाचे आईबाबा येतायत. पहिलं बाळंतपण आहे, तिला तिची आई हवीय. टू बेडरूममध्ये चौघांना कुठे ठेवू मी? तुम्ही नेक्स्ट इयर या. तिकिटं मी कॅन्सल केलीयत, फुल रिफंड मिळाला."

"बरं झालं, पैसे परत मिळाले," नागोराव म्हणाले. ते दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ गुलाबाकडे बघत बसले. तो अजून तांब्यात टवटवीत होता. पेढा खाऊन झाला होता, फोटो लागून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं ते ऐकून द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला, पण ठरल्या दिवशी त्या गाडीत जाऊन बसल्या. सोसायटीतली माणसं खाली हात हलवत उभी होती. दोन मोठ्या बॅगा टपावर बांधल्या. गाडी कर्वेनगरला पोचली तेव्हा नागोरावांनी ड्रायव्हरला सांगितलं, "एअरपोर्ट नको. हडपसर घ्या. गाडीतळाच्या मागे."

तिथे द्वारकाबाईंची भाची रुपाली राहायची. तिच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. एप्रिल, मे, जून आणि अर्धा जुलै दोघांनी त्या पत्र्याखाली अमेरिका काढली. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू बॅगेतच होते. ते टाकवेनात आणि कुणाला देताही येईनात. भर वैशाखात दोघांनी रोज एकेक लाडू खाल्ला. नागोरावांचा घोळणा फुटून नाकातून रक्त आलं, तेव्हा उरलेले रुपालीच्या घरी दिले. बॅगेच्या तळाला द्वारकाबाईंनी जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली सहा दुपटी होती. ती मात्र त्यांनी कुणाला दिली नाहीत.

आता परत गेल्यावर बोलायचं काय, म्हणून नागोरावांनी रुपालीच्या जुन्या लॅपटॉपवर अभिनवचं गाव शोधलं. डेल्सबर्ग. वस्ती अकरा हजार. वारज्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं. तिथल्या वाचनालयानं गावाची माहिती हौसेनं लिहून ठेवली होती, जुने फोटो लावले होते. नागोराव शब्दकोश घेऊन बसले. दुसऱ्याच पानावर ते ओरडले, "अगं, इकडे ये! हे तर कांद्याचं गाव आहे!"

खरंच तसं होतं. दीडशे वर्षांपूर्वी तिथे नुसती दलदल होती. हॉलंडकडून आलेल्या चाळीस कुटुंबांनी चर खणून पाणी काढून दिलं, खाली काळीभोर माती लागली आणि तिच्यात कांदा असा पोसला, की रेल्वेला गावापर्यंत यावं लागलं. रुळांच्या कडेनं कांद्याच्या अकरा शेडी उभ्या राहिल्या. आता त्यांतली एकच उरली होती, शेड नंबर चार. तळाला फटी, वर उतरतं छप्पर. "आपली कांदाचाळच की ही," नागोराव म्हणाले, "वारा खेळायला जागा ठेवलीय बघ." आत एक लांब बाक होता. त्यावर बसून बायका कांद्याची पात कापायच्या. पन्नास वर्षं त्याच जागी चाकू टेकून टेकून लाकडात खाचा पडल्या होत्या. त्या फोटोपुढे नागोराव बसून राहायचे. यार्डात बारीक गोल्टी आणि जोड कांदा वेगळा काढणाऱ्या बायकांना त्यांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं; त्यांच्या कशाचाही फोटो कुणी लावला नव्हता.

त्यांनी अभिनवला फोन केला. "अरे, शेड नंबर चार तुझ्या घरापासून दीड मैलावर आहे. एक फोटो काढून पाठव ना बाकाचा."

"कसली शेड, बाबा? मला इथे झोपायला टाइम नाहीये."

चार वर्षं तो त्या गावात राहत होता. त्याला ग्रोसरीचं दुकान आणि ऑफिसचा रस्ता माहीत होता. इकडे गाडीतळामागे, ओला पंचा डोक्यावर टाकून बसलेल्या त्याच्या बापाला मात्र डेल्सबर्गची गल्ली न् गल्ली पाठ झाली. स्टेशनातलं घड्याळ मुद्दाम चार मिनिटं पुढे का ठेवतात, हे त्यांना माहीत होतं. शेतकऱ्यांची गाडी चुकू नये म्हणून. गाडी बंद होऊन साठ वर्षं झाली, तरी घड्याळ अजून चार मिनिटं पुढेच होतं. नागोरावांना हे इतकं आवडलं, की त्यांनी स्वतःचं मनगटी घड्याळही चार मिनिटं पुढे केलं. एवढंच नाही, संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते सकाळचा नमस्कार रोज संध्याकाळी साडेसहाला टाकू लागले. तिकडच्या वेळेप्रमाणे! त्यात कधी खंड पडला नाही.

या माणसाला इतकं आनंदात द्वारकाबाईंनी लग्नानंतर फारसं पाहिलं नव्हतं. म्हणून मे महिन्यातली ती गोष्ट त्यांनी पोटात ठेवली.

हडपसरच्या भाजीबाजारात त्या गवार निवडत होत्या. समोर सुनीती उभी! संघातली, पलीकडच्याच इमारतीतली. बहिणीकडे आली होती. "द्वारकावहिनी? तुम्ही?" द्वारकाबाईंच्या हातातली गवार खाली सांडली. त्यांनी तिथेच, भाजीवाल्यांच्या देखत, सुनीतीचे दोन्ही हात धरले. "सुनीतीताई, तुमच्या पाया पडते. भाचीच्या गच्चीवर पत्र्याखाली राहतोय, कुणाला सांगू नका. यांना हे सहन नाही व्हायचं." सुनीतीचे डोळे भरून आले. तिनं शपथ घेतली. पिशवीतला एक आंबाही दिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती दोन बायकांनी मिळून झाकली, की सव्वा लाखाची राहते का, हे द्वारकाबाईंना त्या दिवसापासून कळत नव्हतं.

साडेदहाला दोघं संघाच्या सभागृहात शिरली. सभागृह भरलं होतं. एरवी व्याख्यानाला पंधरा डोकी नसायची. आज भिंतीकडेला लोक उभे होते. कधी न येणारे सभासद उत्तरेश्वर पहिल्या रांगेत सुनेसकट बसले होते. आणि भिंतीवरच्या नकाशावर शाल टाकलेली होती.

'चोराच्या मनात चांदणं,' असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग सुनीती दिसली. त्यांनी सुनीतीकडे पाहिलं आणि सुनीती पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. ती शोधतच राहिली.

तेवढ्यानं द्वारकाबाईंना सगळं कळलं. त्या उठल्या, नागोरावांच्या बाहीला धरून म्हणाल्या, "अहो, चला घरी. मला चक्कर येतेय."

"पाणी पी," नागोराव हळूच म्हणाले. "अगं, किती माणसं आलीयत बघ. माझ्यासाठी." त्यांचे डोळे चमकत होते. माईक आज दुसऱ्या कुणीतरी तपासून ठेवला होता.

आणि ते बोलले. छान बोलले, यात शंका नाही. दलदल, चर, काळी माती, अकरा शेडी. पडद्यावर वाचनालयाचे फोटो. "या फोटोंत मी नाही," ते हसत म्हणाले, "गावापुढे उभं राहून गाव झाकायची मला हौस नाही." बाकाचा फोटो आला तेव्हा ते थांबले. "मंडळी, या खाचा बघा. एकेका बाईची एकेक खाच. नावं कुणाला माहीत नाहीत, पण त्या गावानं हा बाक जाळला नाही, विकला नाही. आपल्या यार्डात अशा शेकडो बायका होत्या. मीच त्यांची हजेरी मांडायचो. आज त्यांतली दोन नावंसुद्धा मला आठवत नाहीत, याची मला तिथे उभं राहून लाज वाटली."

'तिथे उभं राहून' हे शब्द सोडले, तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. द्वारकाबाईंना वाटलं, देवा, आता एवढ्यावरच सोडतील. माणसंच आहेत शेवटी.

"एक शंका," दत्तप्रसाद उठले. "तिकडे उकाडा कसा होता?"

"फार नाही," नागोराव म्हणाले. "एप्रिलमध्ये तर गारवाच."

"पत्र्याखाली राहणाऱ्यांनाही?"

मागे कुणीतरी खोकलं. नागोराव विचार करून म्हणाले, "शेडीवर पत्रा नाही, लाकडी फळ्या आहेत."

"आणि येण्याजाण्याची सोय? थेट बस मिळते, का स्वारगेटला बदलावी लागते?" हे उत्तरेश्वर बोलले.

आता दबलेलं हसू मागून पुढे सरकत आलं. नागोरावांच्या चेहऱ्यावरचं स्मित तसंच होतं, पण त्यांचे डोळे द्वारकाबाईंना शोधू लागले. द्वारकाबाईंनी मान खाली घातली.

"असो, असो. वक्त्यांना त्रास नको." दत्तप्रसादांनी हात वर केला. "आपल्या प्रथेप्रमाणे नागोराव आता टाचणी टोचतील. जुना नकाशा फार फाटला होता, म्हणून खास आजच्यासाठी नवीन आणलाय."

त्यांनी शाल ओढली. खाली पुणे शहराचा नकाशा होता. हडपसरभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला होता.

मग मात्र हसण्याला धरबंध राहिला नाही. म्हातारी माणसं गुडघ्यांवर थापा मारून हसली. कुणाची कवळी सुटली, कुणाला ठसका लागला. "सुनीतीताईंनी मे महिन्यातच आमच्या हिला सांगितलं होतं," दत्तप्रसाद डोळे पुसत म्हणाले. "अडीच महिने दम धरलाय हो आम्ही! रोज संध्याकाळी साडेसहाला ग्रुपवर तुमचा सुप्रभात यायचा, आणि इथे कट्ट्यावर सगळे घड्याळ लावून बसलेले असायचे. राग मानू नका, नागोराव. आपण सगळे घरचेच."

त्यांनी नागोरावांच्या हातात टाचणी ठेवली. टाचणीचं डोकं निळं होतं.

ते टाचणी फेकतील, रडतील किंवा निघून जातील, असं द्वारकाबाईंना वाटलं. नागोरावांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर लावला. नकाशाजवळ गेले. लाल गोलात बोट फिरवत त्यांनी सोलापूर रस्ता शोधला, गाडीतळ शोधला, त्यामागची गल्ली शोधली. चौतीस वर्षं एकेक आकडा तपासून मांडलेला माणूस. बरोबर रुपालीच्या घरावर त्यांनी टाचणी टोचली, ती पक्की बसली का हे बोटानं दाबून पाहिलं आणि माईकपाशी येऊन म्हणाले, "चॉकलेटं घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये."

लोकांनी चॉकलेटं घेतली. उत्तरेश्वरांनी पाकीट नाकाशी नेलं. "अहो, याला खोबरेल तेलाचा वास येतोय," ते म्हणाले, आणि हसण्याची दुसरी लाट उठली. द्वारकाबाईंनी हात पदराखाली घेतले.

सगळे गेल्यावर नागोरावांनी सवयीनं खुर्च्या आवरल्या. दोघं घरी आली. बूट काढून ते पलंगावर बसले.

"मे महिन्यात भेटली ती तुला?"

"हो."

"मग जूनभर? जुलैभर?"

"तुम्ही खूश होता," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, शपथ घेतलीय तिनं."

"रोज संध्याकाळी मी फोन हातात घ्यायचो, आणि तू शेजारी बसून बघत होतीस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "ते हसले त्याचं काही नाही. ते पहिल्यापासून हसतात. पण तू मला त्यांच्यापुढे जाऊ दिलंस."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि चार मिनिटं मागे केलं. त्यानंतर डेल्सबर्गचं नाव त्या घरात निघालं नाही. संध्याकाळी साडेसहा वाजले, की ते गॅलरीत जाऊन उभे राहत आणि सात वाजता आत येत.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी, अभिनवचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या खांद्यावर नात होती. चार महिन्यांची, टक्कल पडलेली, नागोरावांसारख्या कानांची. द्वारकाबाई स्वयंपाकघरातून ओले हात तसेच घेऊन धावत आल्या.

"बाबा, गुड न्यूज. उत्कर्षाचे आईबाबा परत चाललेत. तिला जॉइन व्हायचंय, आणि इथे डेकेअर परवडत नाही. तुम्ही दोघं लगेच या. सहा महिने. तिकिटं आजच काढतो." मग त्याला काहीतरी आठवलं. "आणि हो, ती तुमची शेड का काय, तीपण दाखवतो. परवा जाताना बोर्ड दिसला."

द्वारकाबाईंना बॅगेच्या तळातली सहा दुपटी आठवली. चार महिन्यांच्या बाळाला ती अजून पुरली असती. घाई केली तर. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

नागोराव पडद्यावरच्या नातीकडे बघत होते. बघता बघता त्यांनी एक बोट पुढे करून तिच्या कानापाशी नेलं आणि काचेवर टेकवलं.

"नको रे," ते म्हणाले. "मी बघून आलो ते गाव."

"म्हणजे? बाबा, काय बोलताय? आई, तू सांग ना त्यांना. आई?"

एका शब्दाचं काम होतं. मी येते, एवढंच. द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. नागोरावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त आपलं बोट काचेवरून उचललं आणि ते थांबले. मे महिन्यात त्या ज्याच्यासाठी गप्प बसल्या होत्या तो माणूस, आज त्या काय बोलतात याची वाट बघत बसला होता.

"हे म्हणतायत तसंच," द्वारकाबाई म्हणाल्या.

तिकडे नात रडायला लागली. "बघतो मग दुसरं काहीतरी," असं म्हणून अभिनवनं फोन ठेवला. नागोराव उठून आत गेले. पडदा काळा झाला. त्यावर नागोरावांच्या बोटाचा गोल ठसा तेवढा राहिला होता. द्वारकाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं, पण तो पुसला नाही.